दुकानांतील ब्लूग्रास

व्हर्जिनियांतील फ्लॉइड गांवच्या ‘फ्लॉइड कंट्री स्टोअर’ या जुन्या दुकानांत दर रविवारीं हौशी वादक खुर्च्यांचें वर्तुळ करून बसतात. या वादनास पुरातन लोकसंगीत समजण्याची चूक वाचकांनीं करूं नये. बिल मन्रो याचा ताफा १९३९ सालीं नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ-कार्यक्रमांत आला; १९४५ च्या अखेरीस तीन बोटांनीं बँजो छेडणारा अर्ल स्क्रग्ज त्यास मिळाला, आणि ब्लूग्रास शैली घडली. म्हणजे ती व्यावसायिकांची, आणि विलक्षण द्रुत! हौशी मंडळींस ती पेलावी कशी? येथें वर्तुळाचा शिष्टाचार कामीं येतो. धून पाळीपाळीनें एकेकाकडे जाते. नको असल्यास मान हलवून ती शेजाऱ्यास द्यावयाची. शेवट जवळ आला कीं म्होरक्यानें पाय उचलावयाचा. दुसऱ्याच्या पाळींत आपला आवाज दाबणें मात्र थोड्यांनाच साधतें.

सर्वांस ठाऊक असलेल्याच चिजा येथें वाजतात, हा दोष खराच. मन्रोच्या ताफ्यांतील ती ईर्ष्या येथें शोधूं नये. पण भिंतीशीं बसलेल्या श्रोत्यानें तक्रार कां करावी? महिनाभर पाळी नाकारून एखाद्या रविवारीं चुकतमाकत कां होईना जो धून पुरी करतो, त्याच्यासाठीं हा सारा खटाटोप आहे.