ठाण्याचे रक्तसाक्षी आणि फ्रायर जॉर्डानसची लेखणी

पांढुर्णा व सौंसर भागात आम्ही ऐकलेल्या उपदेशांत ठाण्याच्या चार रक्तसाक्षींची कथा येते, ती बहुधा अग्नीच्या प्रसंगासह : पादुआच्या याकोबाला आगीत टाकले आणि तो अक्षत बाहेर आला. श्रोते भारावतात. परंतु ही कथा कोणी सांगितली, हे क्वचितच विचारले जाते. ती मुख्यतः पोर्देनोनेच्या ओडोरिक या फ्रान्सिस्कनाची. तो घटनेनंतर ठाण्यास आला, तेथे ऐकलेला वृत्तांत घेऊन चीनपर्यंत गेला आणि १३३० मध्ये पादुआ येथे त्याने तो दुसऱ्याकडून लिहवून घेतला. ज्याने त्या चौघांना मूठमाती दिली, त्या डॉमिनिकन फ्रायर जॉर्डानस कातालानीचे लिखाण मात्र आमच्या व्यासपीठांवर अपरिचितच राहिले. हा क्रम उलटा व्हावा, असे आमचे मत आहे.

तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा याकोब, सिएनाचा पेत्र व तिफ्लिसचा देमेत्रियस हे कोल्लमला जाण्यास निघाले होते. गलबत ठाण्यास लागले. नेस्तोरी पंथाच्या एका ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. जॉर्डानस सुवार्तेसाठी भडोचच्या वाटेवर असताना १३२१ च्या ९ एप्रिलला तिघांचा व ११ एप्रिलला पेत्राचा वध झाला. जॉर्डानस परतला आणि त्याने ते देह सोपारा येथे पुरले.

त्याची दोन पत्रे उपलब्ध आहेत : पहिले १२ ऑक्टोबर १३२१ चे, घोघ्याहून इराणातील बांधवांना, दुसरे जानेवारी १३२४ चे, ठाण्याहून. दुसरे पत्र वाचताना मन थबकते. एकटेपणा, कैद, मारहाण, निंदा, अंगावर धड वस्त्र नाही, शरीराच्या अनेक व्याधी, हे सारे तो आडपडदा न ठेवता लिहितो आणि कोणीतरी यावे म्हणून विनवतो. दूरच्या खेड्यांत एकट्याने सेवा करणाऱ्या आमच्या धर्मशिक्षकांना या पत्राचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पुढे त्याने ‘मिराबिलिया देस्क्रिप्ता’ हा लॅटिन ग्रंथ लिहिला. हेन्री यूलने तो १८६३ मध्ये इंग्रजीत आणला. त्यात फणस आहे, नारळ आहे, पारशांची मृतांना उघड्यावर ठेवण्याची रीत आहे. ‘आनिबा’ नावाचे एक अवर्णनीय गोड फळ आहे, आणि ते आपला आंबाच हे ओळखण्यास मराठी वाचकाला टीपेची गरज नाही. येथील लोक खाण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे, न्यायाला जपणारे, असे तो मोकळ्या मनाने लिहितो. मूर्तिपूजकांमध्ये प्रभूचे वचन निर्धास्त सांगता येते, हेही नमूद करतो. ज्यांना त्याने स्वतः पुरले, त्या चौघांचा उल्लेख मात्र येथे ओझरता आहे, आणि अग्नीच्या चमत्काराने तो सजवलेला नाही. अशा लेखकावर आमचा विश्वास बसतो.

तरीही त्याला दोष द्यावाच लागतो. या देशात विखुरलेले काही लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण त्यांना बाप्तिस्मा नाही, विश्वासाचे काही ज्ञान नाही, ते थोमालाच ख्रिस्त मानतात, असा निवाडा तो देतो. ठाण्यात फ्रान्सिस्कनांना घर उघडून देणारे स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारेच होते! त्यांना काय विश्वास होता, हे त्यांच्याच तोंडून नोंदवावे, असे त्याला वाटले नाही. त्याच्या आधी काही दशके, आमच्या भागातून वरुड-मोर्शीकडे गेल्यावर लागणाऱ्या रिद्धपुरात, म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले होते. स्वामींच्या सहवासात राहिलेल्यांना त्यांनी गाठले, विचारले, आठवणी जुळल्या नाहीत तेथे पाठभेद राखले. साक्ष घेण्याची ती शिस्त जॉर्डानसपाशी नव्हती. पाहिलेले तो नेमके लिहितो. परक्या ख्रिस्ती माणसाचे ऐकून घेताना मात्र कमी पडतो.

१३२९ मध्ये पोप बावीसावे योहान यांनी त्याला कोल्लमचा बिशप नेमले. ओडोरिकने रक्तसाक्षींच्या अस्थी चीनमधील झैतूनच्या मठात नेल्या. जॉर्डानसची ती दोन पत्रे लहान आहेत. यूलच्या १८६६ च्या संग्रहात ती इंग्रजीतून मिळतात. आमच्यापैकी कोणी ती मराठीत उतरवील, तर ९ एप्रिलच्या उपासनेत आगीच्या कथेच्या जागी दुसरे पत्र वाचता येईल.