संगणक तपासला, प्रश्नपत्रिकेचे काय?

अपंग परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ द्यावा, संगणक आदल्या दिवशी तपासू द्यावा, असे केंद्र शासनाने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचनांत सांगितले. हे योग्यच, पण केवळ यंत्र तपासून भागत नाही, असे आम्हांला वाटते. मराठीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका म्हणजे संगणकाच्या लेखी रोमन अक्षरे व चिन्हेच. दृष्टिहीन मुलाला मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीएसारखी मोफत आज्ञावली तीच बडबडते. स्कॅन केलेले पान तर नुसते चित्र; तिथे ती मुकी होते. मग जादा मिनिटे वाया जातात आणि गुण मुलाचेच जातात. पौडसारख्या तालुक्याच्या गावीही उपाय जमण्याजोगा आहे: प्रश्न युनिकोडमध्ये टंकावेत, उत्तर न फोडता आकृतीचे वर्णन द्यावे आणि परीक्षेआधी शिक्षकांनी प्रश्नपत्रिका एकदा डोळे मिटून ऐकावी.