ग्रिडलीचा हट्ट

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही आपल्याकडची म्हण अनुभवाची खरी. पण ती बोल लावते तो चढणाऱ्याला. पायरी बांधणाऱ्याला ती काहीच विचारीत नाही. चार्ल्स डिकन्सने हा दुसरा प्रश्न विचारला, आणि ‘ब्लीक हाउस’ (१८५२-५३) केवळ करुणरसासाठी वाचणाऱ्यांच्या हातून नेमका तोच निसटतो, असे आम्हांस वाटते.

या कादंबरीतील जार्न्डिस खटला बहुतेकांच्या परिचयाचा आहे : पिढ्या सरतात आणि अखेर सारी इस्टेट खर्चातच संपते. आमचे लक्ष मात्र ग्रिडली या दुय्यम पात्राकडे जाते. बापाच्या मृत्युपत्रान्वये भावास द्यावयाचे ३०० पौंड, एवढाच त्याचा वाद. त्यात १७ प्रतिवादी होतात आणि सुनावणीस खरा आरंभ होण्यापूर्वीच खर्च मूळ रकमेच्या तिप्पट होतो. दाद मागू जाता जो तो त्याला सांगतो, दोष कोणा एकाचा नव्हे, पद्धतीचा आहे. हे उत्तर ग्रिडली मुळीच स्वीकारीत नाही. पद्धत चालविणारी माणसे आहेत, त्यांना समोरासमोर जाब विचारीन, हा त्याचा हट्ट. आणि त्यापायी त्याला न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंग घडतो. लोक त्याला माथेफिरू समजतात. आमच्या मते साऱ्या कादंबरीत न्यायाचा अर्थ त्याच्याइतका कोणालाच कळलेला नाही. शिवाय लॉर्ड चॅन्सेलर दुष्ट नाही. पोरक्या एडाशी तो ममतेने बोलतो. दुष्ट न्यायाधीश रंगविणे किती सोपे होते!

पुढे मात्र लेखकाचा हात ढिला पडतो. ‘लॉर्ड चॅन्सेलर’ हे टोपणनाव मिरविणारा भंगारवाला क्रुक आपोआप पेट घेऊन मरतो. प्रतीक झगझगीत आहे, पण जळतो तो टोपणनावाचा धनी. खरा आसनावर सुखरूप राहतो.

‘लिटल डॉरिट’मध्ये (१८५५-५७) ही सवलत उरलेली नाही. टिपेररी बँक रसातळाला नेऊन १८५६ मध्ये आत्महत्या करणाऱ्या जॉन सॅडलीरवरून डिकन्सने मर्डल घडविला. मर्डलही आत्महत्या करतो, पेढी बुडते, आणि त्याच्या पंक्तीला बसणारे धर्माधिकारी, वकील व सरकारी अंमलदार हात झटकून मोकळे होतात. जबाबदारी जाहीरपणे पत्करतो तो एकटा क्लेनम. भागीदाराचे पैसे मर्डलच्या उद्योगांत गुंतविणारा, म्हणजे स्वतःच फसलेला! मार्शलसी या ऋणकोंच्या तुरुंगात जातो तोही तोच.

तेथे त्याला भेटावयास एक उमदा तरुण अधिकारी येतो. कोणतेही काम होऊ न देण्याचे शास्त्र जोपासणाऱ्या खात्यातला हा बार्नॅकल. असा दुसरा लफंगा निघाला तर त्यालाही असेच यश येईल, असे तो क्लेनमला समजावतो. त्याच्या बोलण्यात राग नाही, कुचेष्टाही नाही; मित्रत्वाने चार शब्द बोलून तो निघून जातो.