पिवळे बायबल आणि बोटीवरचा शेजारी

‘साऊथ-ईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग’ हे पुस्तक प्रथम १९७५ साली निघाले. टोनी आणि मॉरीन व्हीलर या तरुण दांपत्याने आग्नेय आशियात स्वस्तात हिंडून ते सिंगापूरच्या एका हॉटेलातील खोलीत लिहून काढले. पिवळ्या मुखपृष्ठामुळे बॅकपॅकर मंडळींत, म्हणजे पाठीवर सॅक टाकून अल्प खर्चात भटकणाऱ्यांत, त्याला पुढे ‘पिवळे बायबल’ हे नाव पडले. बायबल हा शब्द आमच्या घरांत सैलपणे वापरला जात नाही. तरीही या टोपणनावाचा आम्हांला राग येत नाही. ज्या पुस्तकावर विसंबून माणसे अनोळखी बंदरावर रात्री उतरतात, त्याला काही एक अधिकार प्राप्त झालेलाच असतो. तो अधिकार ते कसा वापरते, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

गाईडबुक हा प्रकार आपण साहित्याच्या उंबरठ्याबाहेर ठेवतो. रेल्वेच्या वेळापत्रकाची का कोणी समीक्षा करतो? परंतु इंडोनेशियाच्या सतरा हजारांहून अधिक बेटांकडे परदेशी तरुणांनी ज्या नजरेने पाहिले, ती नजर घडविण्यात कादंबऱ्यांपेक्षा या पुस्तकांचा वाटा मोठा आहे. तेव्हा त्यांना समीक्षेतून सूट देणे बरे नव्हे.

त्यांचा गुण आधी सांगितला पाहिजे. हे लेखन बेताच्या खिशाच्या माणसासाठी झाले. धर्मशाळेसारखी खोली कोठे मिळेल, भाताचे ताट केवढ्याला पडेल, बोट कोणत्या वारी सुटते, हे ते सरळ सांगते. वाक्ये आखूड, विशेषणे मोजकी. पहिल्याच पानावर सूर्यास्ताला नटवून बसविणाऱ्या आमच्या काही मराठी प्रवासवर्णनकारांनी यातून थोडे शिकावे, असे आम्हांला प्रांजळपणे वाटते.

मात्र या लेखनावर दोन घड्याळांची सत्ता चालते : एक पैशांचे, दुसरे व्हिसाचे. २००४ पर्यंत इंडोनेशियात अनेक देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय दोन महिने राहता येत असे. त्या वर्षापासून तीस दिवसांची मुदत आली. आज आगमनाच्या वेळी पाच लाख रुपिया भरून तीस दिवस मिळतात. पुन्हा तितकेच भरून एकदाच तीस दिवसांची वाढ घेता येते. मुदत ओलांडली तर दर दिवसास दहा लाख रुपियांचा दंड. मग बाली, लोंबोक, फ्लोरेस, तिमोर असे करीत साठ दिवस पुरवावयाचे, सीमेपलीकडे पूर्व तिमोरच्या दिलीला जाऊन पासपोर्टवर शिक्का उमटवावयाचा आणि परत येऊन पुन्हा एकपासून मोजावयाचे, असा हा क्रम आहे.

या मोजणीने गद्याचा घाटच ठरून जातो. बेट हे बेट राहत नाही. ते दिवसांचा आकडा होते. फ्लोरेस म्हणजे कोमोडोच्या घोरपडींसाठी तीन दिवस, केलिमुतूच्या तीन रंगांच्या तळ्यांसाठी एक पहाट आणि पूर्व टोकाच्या लारांतुकाला, पुढच्या बोटीची वाट पाहत, एक रात्र.

या एका रात्रीपाशी आम्ही थबकतो. लारांतुका हे गाव आमच्या वाचकांना परके वाटू नये. समोरच्या सोलोर बेटावर डॉमिनिकन मिशनऱ्यांनी १५६६ मध्ये किल्ला उभारला, तेव्हा पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेचे केंद्र गोव्यात होते. पुढे पोर्तुगीजांचा जोर ओसरला, धर्मगुरू विरळ झाले आणि १८५९ च्या करारान्वये फ्लोरेस डचांकडे गेले. मधल्या दीर्घ काळात श्रद्धा सांभाळली ती प्रापंचिकांनी. रोझरी मातेच्या नावाने चालणाऱ्या त्यांच्या कॉन्फ्रारियाने. जुन्या पोर्तुगीज भाषेतील प्रार्थना तेथे अजून म्हटल्या जातात आणि गुड फ्रायडेच्या रात्री ‘तुआन मा’ची, म्हणजे पवित्र मरियेची, मूर्ती मेणबत्त्यांच्या उजेडात गावातून फिरते. १७३९ नंतरच्या वसईचा इतिहास ज्यांच्या घरांत सांगितला जातो, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. गाईडबुकांत ही मिरवणूक येते, पण ‘पाहण्यासारखे’ या सदरात. ती कोणी टिकविली, हा प्रश्न तीस दिवसांच्या हिशेबात बसत नाही.

याहून मोठी उणीव बोटीवरची आहे. पेल्नी या सरकारी कंपनीच्या स्वस्त वर्गाच्या प्रवासाबद्दल ही पुस्तके भरभरून सांगतात : सामान कसे जपावे, झोपण्याची जागा कशी पकडावी. परंतु शेजारच्या चटईवर कोण बसला आहे? लारांतुका, आदोनारा, लेंबाता या भागांतून कित्येक दशके माणसे मलेशियाच्या साबा राज्यात तेलताडाच्या मळ्यांवर मजुरीस जात आहेत. कित्येकांजवळ पुरते कागदपत्र नसतात. मागे राहिलेल्या बायकांना तिकडे ‘जांदा मलेशिया’, मलेशियाच्या विधवा, म्हणतात. नवरे जिवंत असतानाही. २००२ मध्ये मलेशियाने कायदा कडक केला. कागदपत्र नसणाऱ्यांना कैद आणि फटक्यांची शिक्षा ठरली. तेव्हा हजारो मजूर सीमेवरील नुनुकान या लहानशा बंदरात येऊन अडकले आणि रोगराईने त्यांतील कित्येकांचा मृत्यू झाला. या बेटांवरून नुनुकानला जाणाऱ्या बोटी त्याच पेल्नी कंपनीच्या आहेत.

म्हणजे एकाच डेकवर दोन माणसे आपापल्या कागदावरची तारीख मोजीत बसलेली असतात. एकाची चुकली तर दंड भरावा लागतो. दुसऱ्याची चुकली तर घरचा भात जातो. आखातातील नोकरीमुळे वसई-गोव्याच्या पुष्कळ घरांना ही दुसरी मोजणी ठाऊक आहे. व्हिसा वाढवून मिळाल्याचे तारेने कळले की त्या घरांत देवाचे आभार मानले जात. हा शेजारी आम्हांला या लेखनात क्वचितच भेटतो. भेटतो तो बहुधा रिक्षावाला, खानावळवाली किंवा किंमत चढवून सांगणारा म्हणून. अल्प खर्चात जगणे ही साधना असू शकते, असिसीच्या फ्रान्सिसने ते दाखविले. परंतु त्या संताने खानावळवालीशी चार आण्यांसाठी घासाघीस केल्याचे आम्ही वाचलेले नाही.

१९६३ च्या ‘पूर्वरंग’मध्ये पु. ल. देशपांडे याच दिशेला गेले होते. बालीही त्यांत आहे. बोटीची वेळ शोधावयास त्या पुस्तकाचा काडीचा उपयोग नाही. तेथे लेखक पाहुणा होऊन वावरतो आणि पाहुण्याला समोरच्याचे तोंड पाहावे लागते. गाईडबुकाने ‘पूर्वरंग’ व्हावे अशी आमची मागणी नाही. त्याचे काम वेगळे आहे. पण २०२५ पासून इंडोनेशियात मुदतवाढीसाठी छायाचित्र काढून घेण्यास कचेरीत जातीने जावे लागते. या सक्तीच्या फेरीमुळे प्रवाशाला एखाद्या गावात जास्तीचे काही दिवस थांबावे लागते आणि सध्याची पुस्तके हे दिवस ‘वाया’ या खात्यात टाकतात. तेथेच अर्धे पान मोकळे करावे. नुनुकानच्या बोटीवर शेजारी कोण असतो, तो कोठे निघाला आहे, एवढे लिहिण्यास तेवढी जागा पुरे. त्याच पानावर बोटीचे भाडेही छापण्यास आमची हरकत नाही.