ताळेबंद नसलेली चरित्रं

गेल्या दोन महिन्यांत उद्योजकांची सात आत्मचरित्रं लागोपाठ वाचली. सातही पुस्तकांत आईने दागिने मोडले, सातही जणांनी शून्यातून विश्व उभं केलं. पहिलं कर्ज किती टक्के व्याजाने घेतलं, हे मात्र सातांपैकी एकानेही सांगितलेलं नाही. त्या संतापातून हे लिहितो आहे.

अनुवादांवर फार शब्द खर्च करायला नकोत. ‘रिच डॅड पुअर डॅड’ आणि त्याच्यामागून आलेली पुस्तकं अमेरिकेतल्या घरांच्या आणि करांच्या व्यवहारावर उभी आहेत. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला त्यांतून हुरूप येतो, वाट सापडत नाही. ‘अग्निपंख’ मोठं पुस्तक, पण त्याचा साचा उचलून कारखानदाराचं चरित्र होत नाही.

माझं मन रमतं ते किर्लोस्करांच्या घरातल्या लेखनात. शंकररावांची ‘यांत्रिकाची यात्रा’ आणि ‘शंवाकीय’, शंतनुरावांचं इंग्रजी ‘कॅक्टस अँड रोझेस’. या घराच्या उद्योगाचा पाया घालणाऱ्या लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं, मग लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. माझ्या लेखी ही दोन वर्षं म्हणजेच त्या कहाणीचा गाभा. माल तयार आहे, पैसा लोखंडात अडकलाय आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. पुढे बेळगावची जागाही सुटली. औंधच्या राजांनी जमीन दिली, दहा हजारांचं कर्ज दिलं आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कुणाची जमीन, कुणाचा पैसा, सगळं उघड आहे. त्याने लक्ष्मणराव तसूभरही लहान होत नाहीत. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं तेही याच कारखान्यातून. मराठीतल्या एका मोठ्या मासिकाचा जन्म नांगरांच्या कारखान्यात झाला, हे आपले साहित्यिक विसरले आणि उद्योजकही.

त्यानंतर जवळची वाटावीत अशी पुस्तकं थोडी. विठ्ठल कामतांचं ‘इडली, ऑर्किड आणि मी’ टिकलं, कारण त्यात भटारखाना आहे. त्यांच्यामागून लिहिणाऱ्यांनी जिद्द तेवढी उचलली, भटारखाना मागेच राहिला. गिरीश कुबेरांच्या ‘टाटायन’मध्ये पिढ्यांमागून पिढ्यांचे निर्णय दिसतात, म्हणून ते मनात राहतं.

बाकीच्या ढिगाला मी चरित्र म्हणायला तयार नाही. आत्मचरित्र उद्योजकाचं, शब्दांकन दुसऱ्याचं, आणि छापलेल्या प्रती अनेकदा कंपनीच उचलते आणि समारंभात वाटते. अशा पुस्तकात बुडालेली उधारी कशी येणार? भागीदार का सोडून गेला, भावाभावांत वाटणी कशी झाली, कामगारांचे पगार कोणत्या महिन्यात थकले, हे कोण छापणार? धंदा जिथे खरोखर शिकता येतो, नेमकी तीच पानं गाळलेली असतात.

याची किंमत वाचक मोजतो. माझ्या ओळखीचा एक तरुण अशी पुस्तकं वाचून मसाल्याच्या धंद्यात उतरला. माल उत्तम, वास गल्लीच्या टोकापर्यंत. दुकानदार पैसे द्यायचे दोन महिन्यांनी, मिरची मात्र रोखीने घ्यावी लागायची. आठव्या महिन्यात मसाला कुटायचा डंका विकला. त्याची वही मी पाहिली आहे: येण्याची बाजू भरलेली, गल्ल्यात काही नाही. तो मला म्हणाला, ‘माझीच जिद्द कमी पडली.’ जिद्द कमी नव्हती, खेळतं भांडवल कमी होतं. पण त्याच्या फडताळातल्या एकाही पुस्तकात तो शब्द आलेला नव्हता. अपयशाचा सगळा दोष माणसाच्या मनावर टाकणारी पुस्तकं त्याला प्रेरणा म्हणून विकली गेली होती.

म्हणून प्रकाशकांना माझं सांगणं आहे: उद्योजकाचं चरित्र छापायला घ्याल तेव्हा त्याच्याकडून सगळ्यात वाईट वर्षाचा ताळेबंद मागा. तो द्यायला तयार नसेल, तर हस्तलिखित परत करा. बापाची जमीन तारण ठेवून धंद्यात उतरणाऱ्या पोराला टाळ्यांची पानं काय कामाची? नांगर विकला जात नव्हता तेव्हा घर कसं चाललं, हे त्याला कळायला हवं.