हॉटेलांच्या भिंतींवरील अमूर्त निसर्ग

मुंबई-गोव्याकडील नव्या हॉटेलांच्या दालनांतून आज जी चित्रे लावलेली दिसतात, त्यांत निसर्गप्रेरित अमूर्त चित्रांचा भरणा फार मोठा आहे. आणि ज्या शैलीच्या स्वीकारासाठी आपल्या चित्रकारांच्या एका पिढीने दीर्घकाळ उपेक्षा सोसली, तीच शैली आता मागणीबरहुकूम पुरविली जात असेल, तर तिच्या सद्यःस्थितीची रुजुवात करणे अगत्याचे आहे.

हॉटेलाची भिंत कलेला मुळातच प्रतिकूल असते, असे मी मानीत नाही. अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलाने हुसेन, राम कुमार, गायतोंडे प्रभृतींची चित्रे, त्यांना आजचे मोल आलेले नसताना, संग्रही घेतली. त्या चित्रांमागे निसर्गाचे प्रदीर्घ अवलोकन होते. १९६० साली राम कुमार हे हुसेन यांच्यासमवेत काशीस गेले आणि त्यानंतर त्यांच्या चित्रांतून मनुष्याकृती क्रमशः लोप पावली. प्रथम घाटावरील घरांची कोनाकृती दाटी उरली, पुढे तीही विरून करड्या-मातकट रंगपट्ट्यांचा, नदी की भूमी हे न सांगणारा, प्रवाह तेवढा राहिला. गायतोंडे यांनी मुंबईत समुद्रकाठच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम केले. रोलरने रंगाचे थर चढवावेत, पुन्हा खरडून काढावेत, अशा त्यांच्या पद्धतीतून वर्षाकाठी मोजकीच चित्रे सिद्ध होत. त्यांत समुद्र कोठेही रेखाटलेला नाही, तथापि पाण्याच्या पृष्ठभागाखालून येणाऱ्या प्रकाशाचा प्रत्यय त्यांपुढे उभे राहणाऱ्यास यावा, इतका तो रंगात मुरलेला आहे.

आधी अवलोकन आणि मग रंग, हा क्रम आज उलटा झाला आहे. गालिचा आणि पडदे यांचे रंग आधी मुक्रर होतात, त्यांच्याशी जुळणाऱ्या छटांची फर्माईश मागाहून निघते, आणि कॅनव्हासवर छापलेल्या एकाच प्रतिमेवर जाडसर लेप देऊन ती खोल्याखोल्यांतून टांगली जाते. समुद्रकाठ म्हणून निळे, घाटमाथा म्हणून हिरवे, एवढाच त्यातला निसर्ग! कोकणातल्या जांभ्याचा लोखंडी तांबडेपणा, सह्याद्रीच्या पावसाने काळाभोर झालेला कातळ, आषाढात गढूळ होऊन किनाऱ्यावर आदळणारे अरबी समुद्राचे पाणी, यांपैकी काहीही या चित्रांत शिरत नाही, कारण हे रंग पाहुण्याला उदास करतील अशी धास्ती सजावटकाराला वाटते. मला ही धास्ती पाहुण्याच्या रसिकतेचा अवमान करणारी वाटते. जो मनुष्य खिडकीतून तासभर पाऊस पाहू शकतो, त्याला भिंतीवरचा पाऊस सोसणार नाही, हे कोणी ठरविले?

अशी कामे पत्करणाऱ्या तरुण चित्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही. चरितार्थ सर्वांनाच आहे. दोष आहे तो खरेदीच्या रीतीत, जीत चित्राखाली कर्त्याचे नावही लागत नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावरील हॉटेलांच्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडतात. त्यांतील एकीत एखाद्या चित्रकाराच्या महिना-दोन महिन्यांच्या वास्तव्याची तजवीज करावी, रंगाची अट घालू नये, आणि तो जे करील ते त्याच्या नावानिशी दालनात लावावे, एवढे करण्यास कोणत्याही व्यवस्थापकाला मोठ्या खर्चाची मंजुरी लागणार नाही.