‘मुंबईचे वर्णन’ आणि ‘आई’ हे पद

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. बाजार, रस्ते, आगगाडी यांच्याबरोबर देवळांचीही नोंद घेणाऱ्या या ग्रंथाचे माहितीमूल्य निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो दृष्टीचा. माडगांवकर देऊळ पाहतात ते नगराचे एक अंग म्हणून. वर्णनकाराला हे क्रमप्राप्तच होय. परंतु त्यामुळे देवळात जाणाऱ्याचे देवीशी असलेले नाते वर्णनाबाहेर राहते. शहरातील देवस्थानांविषयीच्या नंतरच्या बऱ्याच लेखनातही हीच उणीव आढळते.

ते नाते भाषेने मात्र जपले आहे. ‘मुंबा’ आणि ‘आई’ मिळून ‘मुंबई’ झाले, ही व्युत्पत्ती सामान्यतः स्वीकारली जाते. ‘वाघजाई’, ‘काळकाई’, ‘सोमजाई’ या कोकणातील देवीनामांच्या पंक्तीतच हे नाव बसते. पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या डोंगरी गावातून आलेल्या माणसाला म्हणूनच मुंबादेवी परकी वाटू नये. महानगराच्या नावातच त्याला ग्रामदेवतेची ओळख पटते. १९९५ साली ‘मुंबई’ हे नाव इंग्रजी व्यवहारातही अधिकृत झाले. ‘आई’ हे पद मराठी माणसाच्या तोंडी त्यापूर्वीपासूनच होते.

यावर असा आक्षेप संभवतो की, गावची देवी स्थानाशी बांधलेली असते, तर शहरात स्थानच अस्थिर. आक्षेप निराधार नाही. मुंबादेवीचे जुने देऊळ बोरीबंदरच्या परिसरात होते. अठराव्या शतकात ते तेथून हलवून आजच्या जागी उभारण्यात आले. तरीही नाव टिकले आणि नात्याचे क्रियापदही टिकले. देवीची आपण ‘ओटी भरतो’. घरी आलेल्या सुवासिनीचीही ‘ओटीच भरतो’. दोहोंसाठी भाषेने निराळा शब्द केलेला नाही. देवळाबाहेरच्या दुकानात खण, नारळ, तांदूळ एकत्र बांधून विकत मिळतात, रांग पुढे सरकते, देवीसमोर क्षणभरच उभे राहता येते. तथापि घडणाऱ्या कृतीचे नाव तेच राहते.

तेव्हा शहरातील दर्शन म्हणजे केवळ गर्दी आणि व्यापार, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. माडगांवकरांच्या ग्रंथाने देऊळ कोठे आहे ते सांगितले. तेथे जाणारा देवीला काय म्हणून हाक मारतो, हे ऐकणे अभ्यासकाचे काम आहे. आणि ते अद्याप पुरेसे झालेले नाही.